मोडलेली यात्रा आणि अडकलेला पैसा

आमच्या शिरगांवीं, प्रतिशिर्डी म्हणून प्रसिद्ध असलेल्या साईमंदिरांत, दर गुरुवारीं भेटणाऱ्या चार कुटुंबांनीं २०२५ च्या एप्रिलांत काश्मीर पाहण्याचा बेत केला. २८ तारखेस निघावयाचें. एका यात्रा कंपनीकडे माणशीं ३२,००० रुपये भरून झालेले. तोंच २२ एप्रिल रोजीं पहलगाम येथें अतिरेक्यांनीं २६ निरपराध माणसें मारलीं. त्यांत महाराष्ट्रांतील ६ होतीं. त्या घरांवर आकाश कोसळलें असतां आपल्या पैशांविषयीं बोलावयास जीभ धजत नव्हती. तथापि संसारी मनुष्यास तेंही पाहावें लागतें.

आमच्यांतील एका गृहस्थांनीं दुसऱ्याच दिवशीं 'आम्ही येत नाहीं' असें कंपनीस लिहून कळविलें. बाकीचे आम्ही धूर्त होतों असें नव्हे. केवळ सुन्न होऊन बसलों होतों. पुढच्याच दिवशीं कंपनीनें आपण होऊन सहल रद्द केली व आमची रक्कम परत करण्याचें मान्य केलें. त्या गृहस्थांस मात्र उत्तर आलें कीं, आपण स्वतः माघार घेतली, सबब नियमाप्रमाणें निम्मे पैसे बुडाले. प्रवास कोणीं मोडला, या एका प्रश्नावर सारा व्यवहार फिरतो. म्हणून नकार लिहिण्यापूर्वीं, मुदत संपत नसेल तर, 'आपण सहल नेणार आहां काय?' असें विचारून लेखी उत्तर घ्यावें.

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञांत दक्षिणा मिळेल या आशेनें उत्तरेस निघाले. वाटेंत बंड उसळलें, लुबाडले गेले आणि अखेर गंगेच्या पाण्याची कावड घेऊन घरीं परतले. त्यांस दाद मागावयास कोणी नव्हतें. आपणांस आहे.

रेल्वेचा व्यवहार त्या मानानें सरळ. गाडी रेल्वेनेंच रद्द केली तर पूर्ण भाडें परत मिळतें; मोबाइलवरून काढलेल्या तिकिटाचे पैसे आपोआप खात्यांत येतात, खिडकीवरचें तिकीट मात्र नेऊन द्यावें लागतें. तिकिटाबरोबर रेल्वे जो अल्प मोलाचा विमा देते तो अपघातापुरता. बेत मोडल्याची भरपाई त्यांत नाहीं. स्वतंत्र प्रवासविम्यांतही आजारपण, नातलगाचा मृत्यू अशीं कारणें नांवानिशीं दिलेलीं असतात. 'भीति वाटली' हें कारण त्यांत सहसा बसत नाहीं.

आमच्या गृहस्थांस धागा सांपडला तो विमानाच्या तिकिटांत. पहलगामनंतर एअर इंडिया व इंडिगो यांनीं ३० एप्रिलपर्यंतच्या श्रीनगरच्या तिकिटांवरील रद्द करण्याचा आकार माफ केला होता. म्हणजे भाडें यात्रा कंपनीस परत मिळावयास हवें होतें; मग तें तिनें ठेवावें कसें? हें त्यांनीं पत्रांत लिहिलें, पावत्यांच्या प्रती जोडल्या, आणि १९१५ या ग्राहक मदतक्रमांकावर तक्रारही नोंदविली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वयें आपण राहतों त्याच जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांच्या आंत दाद मागतां येते, हें पत्राच्या शेवटीं घालावयास आम्हीं सुचविलें. आणि जातां जातां ऱ्हस्वदीर्घही सुधारून दिलें. शिक्षकाची खोड, दुसरें काय!

विमानभाडें आषाढांत आलें. हॉटेलच्या पैशांपैकीं कांहीं दिवाळीपूर्वीं आले; उरलेल्या ७,००० रुपयांवर त्यांनीं पाणी सोडलें.