फिनलंडचा पाऊस, सोलापूरचा पाऊस

मराठी वाचकाला फिनलंड भेटला तो शाळांच्या निमित्ताने. तिथलं मूल सातव्या वर्षी पहिलीत बसतं, पाऊण तासाच्या तासिकेनंतर पंधरा मिनिटं मोकळं सुटतं, परीक्षेचा धाक कमी, दुपारचं गरम जेवण १९४८ पासून सगळ्यांना फुकट. शिक्षकांच्या मेळाव्यांतून हे इतकं ऐकवलं गेलंय की आता तोंडपाठ झालंय. ते खोटं नाही, पण ते मोठ्यांच्या कामाचं. शिवाय ज्या आंतरराष्ट्रीय चाचण्यांमुळे ही कीर्ती पसरली, त्यांतले फिनलंडचे गुण २००६ नंतर घसरत गेले, हे सहसा कोणी सांगत नाही. सोलापुरात चौथीत शिकणाऱ्या मुलीला ‘तिकडची शाळा आपल्यापेक्षा बरी’ एवढंच कळलं तर तिच्या हाती हेवा येईल, देश येणार नाही. तिला फिनलंड दाखवायचा असेल तर तिथल्या पाण्यापासून, पाखरांपासून आणि गाण्यांपासून सुरुवात करावी, आणि प्रत्येक गोष्ट सोलापूरच्या मापाने मोजायला लावावी.

पाण्याचंच घ्या. सोलापूर जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो. फिनलंडच्या बहुतेक भागांतही पाऊस आणि बर्फ मिळून पाचशे ते सातशेच्या घरातच. तरी तिथे लहानमोठी १ लाख ८८ हजार तळी आणि जवळजवळ तीन चतुर्थांश भूमीवर जंगल. इथे उन्हाळ्यात टँकर. असं का? मुलांपुढे ठेवावा असा हा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर पाठ्यपुस्तकातल्या ‘थंड हवामान’ या दोन शब्दांत आटोपत नाही. सोलापूरचं ऊन पडलेल्या पावसाच्या कितीतरी पट पाणी उडवू शकतं. तिथे सूर्य तिरपा आणि हिवाळा लांब, म्हणून बाष्पीभवन थोडं. हिमयुगातल्या प्रचंड बर्फाने कठीण खडक खरवडून ठेवलेले, त्या खळग्यांत पाणी आपोआप साठतं. सोलापूरचं पाणी मात्र माणसाने खोदून, अडवून साठवलेलं आहे: सिद्धेश्वर तलाव, हिप्परगा, उजनी. फिनलंडची लोकसंख्या ५६ लाखांच्या आसपास, एकट्या सोलापूर जिल्ह्याची २०११ मध्येच ४३ लाखांवर होती. आणि तो देश आकाराने महाराष्ट्राहूनही थोडा मोठा. एवढे आकडे फळ्यावर मांडले की मूल फिनलंडला भारावून जात नाही, ते उजनीकडे नव्याने बघतं.

यावर पहिला आक्षेप येतो तो रास्तच आहे: मुलांना आधी आपलं माळरान तरी ठाऊक आहे का? नान्नजला माळढोकांसाठी १९७९ पासून अभयारण्य आहे, ते न पाहता फिनलंड कशाला? पण हे दोन धडे एकमेकांची जागा अडवत नाहीत. ब्लाइथचा वटवट्या नावाचा जेमतेम दहा-बारा ग्रॅमचा पक्षी फिनलंडच्या झुडपांत उन्हाळ्यात घरटं करतो आणि हिवाळ्याला भारतीय उपखंडात उतरतो. उत्तर युरोपातले बरेच पक्षी आफ्रिकेची वाट धरतात. हा पूर्वेकडे वळून आपल्याकडे येतो. दख्खनच्या काटेरी झुडपांतून तो दिसण्यापेक्षा ऐकूच जास्त येतो. नान्नजच्या सहलीत त्याचा ‘चक् चक्’ कानावर पडला, तर तोच फिनलंडचा धडा.

दुसरा आक्षेप उन्हाचा. फिनलंडमध्ये बालवाडीतली मुलंही शून्याखालच्या थंडीत रोज बाहेर खेळतात. बाहेर पडायचं की नाही हा प्रश्न नसतो, काय घालायचं एवढाच असतो. मे महिन्यातल्या सोलापुरात दुपारी मुलं बाहेर काढणं हा वेडेपणा होईल, कबूल. पण सकाळची शाळा ही आपलीच जुनी तोड आहे. तिथली दुसरी रीत मात्र इथे जशीच्या तशी चालायची नाही: जंगल कुणाच्याही मालकीचं असो, त्यात हिंडायला आणि रानफळं, अळंबी वेचायला सगळ्यांना मुभा आहे. अर्थात घराचं अंगण आणि उभं पीक वगळून, आणि आपल्याकडे बहुतेक जमीन उभ्या पिकाचीच. मुलांशी बोलताना हा फरक झाकू नये. गायरान कोणाचं, बांध कोणाचा, हे विचारायची तीच वेळ.

पैशाचं काय, असंही कोणी म्हणेल. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. दूरदेशीच्या वर्गांशी इंटरनेटवरून सहली आणि गप्पा हा त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. तेव्हा जिल्ह्याला हे नवं नाही. आणि गाण्यांना तर इंटरनेटही लागत नाही. एलियास ल्योनरोट या डॉक्टरने खेडोपाडी फिरून लोकांच्या तोंडची गाणी उतरवून घेतली, त्यांतून १८३५ मध्ये ‘कालेवाला’ हे महाकाव्य उभं केलं आणि १८४९ मध्ये ते वाढवलं. त्याचा दिवस फिनलंड २८ फेब्रुवारीला साजरा करतो, आपल्या मराठी भाषा गौरव दिनाच्या दुसऱ्याच दिवशी. २७ तारखेला मुलांनी घरातल्या किंवा शेजारच्या आजीकडून जात्यावरची एक ओवी लिहून आणावी, मराठी, कन्नड, तेलुगू, जी मिळेल ती. २८ ला वर्गात ल्योनरोटची गोष्ट सांगावी. क्रम उलटा करू नये.