बॅटरीत वीज किती उरली?

पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे गाव पाणलोट विकासासाठी सर्वांना परिचित आहे. तेथे अपारंपरिक ऊर्जेचेही प्रयोग झाले. रस्त्यावरील दिव्यांना प्रत्येकी स्वतंत्र सौर पॅनेल बसवण्यात आले. असा दिवा म्हणजे एक छोटे, स्वयंपूर्ण वीजघरच. दिवसा पॅनेल बॅटरी भरते आणि रात्री दिवा ती वापरतो. पण श्रावणात चार-सहा दिवस आभाळ भरून राहिले, तर आज रात्री दिवा पुरेल का? हंड्यात डोकावले की पाणी दिसते. बॅटरीत उरलेली वीज कशी पाहायची?

पहिला उपाय व्होल्टमीटरचा. १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरी म्हणजे एकसरीत जोडलेले सहा घट. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.७ व्होल्ट दाखवते, निम्मी उरली की सुमारे १२.२ आणि जवळजवळ रिकामी झाली की ११.८ ते ११.९. म्हणजे भरलेली आणि रिकामी यांतला फरक जेमतेम एका व्होल्टचा! त्यामुळे व्होल्टमीटर दशांशापर्यंत अचूक हवा.

शिवाय केव्हा मोजले, यालाही महत्त्व आहे. विहिरीवर पंप चालू असताना पाणी खाली जाते आणि पंप थांबल्यावर पाझराने पुन्हा वर येते, हे आपण पाहतो. बॅटरीचेही तसेच आहे. दिवा चालू असताना व्होल्टेज खाली येते, बंद केल्यावर सावकाश वर चढते. उलट, पॅनेल बॅटरी भरत असताना ते खऱ्या साठ्याच्या मानाने जास्त दिसते. म्हणून बॅटरीला काही तास विश्रांती देऊन मगच मोजावे.

दुसरा उपाय हायड्रोमीटरचा. बॅटरी वापरताना दोन्ही पट्ट्यांवर शिशाचे सल्फेट जमते, सल्फ्युरिक आम्ल खर्च होते आणि पाणी तयार होते. साहजिकच द्राव पातळ होतो. भरलेल्या बॅटरीत द्रावाची सापेक्ष घनता सुमारे १.२६ असते, रिकामी होताना ती १.१२ च्या आसपास उतरते. मात्र सीलबंद बॅटरीत हा उपाय चालत नाही.

तिसरा उपाय जमाखर्चाचा. १२ वॅटचा दिवा १२ व्होल्टवर १ अँपिअर धारा घेतो. तो ११ तास जळला, तर ११ अँपिअर-तास खर्ची पडले. बॅटरी ७५ अँपिअर-तासांची असेल आणि निम्म्याखाली उतरायचे नाही असे ठरवले, तर हाताशी सुमारे ३७ उरतात. ऊन अजिबात नसेल तर तीन रात्री निभतील, चौथी नाही. ढगाळ दिवशी पॅनेलकडून ५ अँपिअर-तास जमा होत असतील, तर रोजची तूट ६ ची. म्हणजे सहा दिवसांची सोय झाली.

वीजजोडणीपासून दूर मुक्काम करणाऱ्या फिरत्या घरांतही हाच हिशेब ठेवतात. तेथे तारेच्या मार्गात अगदी लहान, ज्ञात रोध बसवतात. त्यावरील व्होल्टेजवरून धारा कळते आणि छोटे यंत्र ती वेळेनुसार बेरजेत घेते. हल्लीच्या लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटऱ्यांचे व्होल्टेज वापराच्या बहुतेक काळात जवळजवळ स्थिर राहते. तेथे तर जमाखर्चाचाच मुख्य आधार.

पण वहीही चुकते. शिसे-आम्ल बॅटरीत घातलेल्या शंभर अँपिअर-तासांपैकी दहा-पंधरा परत मिळत नाहीत. जुन्या बॅटरीची क्षमताही घटलेली असते. म्हणून बॅटरी पूर्ण भरली की हिशेब नव्याने सुरू करावा आणि अधूनमधून स्वस्थ व्होल्टेजशी ताडून पाहावा.

एवढी दक्षता कशासाठी? शिसे-आम्ल बॅटरी बराच काळ रिकामी राहिली, तर पट्ट्यांवरील सल्फेटचे कठीण स्फटिक बनतात आणि ते भरतानाही विरघळत नाहीत. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे टिकते. बॅटरी मात्र हयगयीने वर्ष-दोन वर्षांत निकामी होऊ शकते. मग पॅनेल उन्हात उभे असूनही गल्लीत अंधार!

करून पाहा : शाळेत सीलबंद १२ व्होल्टची बॅटरी आणि लहान दिवा घ्या. दर अर्ध्या तासाने दिवा चालू असताना व्होल्टेज नोंदवा. ते ११.५ व्होल्टवर आले की दिवा बंद करा आणि पुढील दोन तासांच्या नोंदी घेऊन आलेख काढा. बॅटरीची दोन टोके एकमेकांना जोडली जाणार नाहीत याची शिक्षकांनी काळजी घ्यावी. दिवा बंद झाल्यावर आलेख वर का चढतो, हे विद्यार्थ्यांनाच सांगू द्या. प्रयोगानंतर त्याच दिवशी बॅटरी पूर्ण भरून ठेवा.