नथ किती जुनी, कुंकू किती खरं?

भाद्रपदात नागपूरच्या घराघरांत महालक्ष्म्या बसतात. पुण्याकडे ज्यांना गौरी म्हणतात, त्याच या. आधीच्या आठवड्यात इतवारीत आणि महालात मुखवटे, गंगावनं, मोत्यांच्या नथा आणि तयार खोपे यांनी दुकानं भरून जातात, आणि देवीच्या सामानासोबत घरच्या बायकांच्या साजाचीही खरेदी होते. पार्लरच्या पाट्यांवर या साजाला ‘पेशवाई लूक’ किंवा ‘मराठमोळा लूक’ असं नाव असतं: नऊवारी, खोपा, चंद्रकोर, नथ, गजरा. ही यादी आता इतकी पक्की झाली आहे की त्यातलं एखादं नसलं, तर ‘आपली पद्धत विसरली’ असा शेरा ऐकावा लागतो. या साजाबद्दल तीन समजुती रूढ आहेत. तो अतिप्राचीन आहे, तो साऱ्या महाराष्ट्राचा एकच आहे, आणि पारंपरिक असल्यामुळे तो बाधत नाही. तिन्ही चुकीच्या आहेत आणि तिन्हींचं मूळ एकच आहे. एखाद्या वस्तूवर ‘जुनं’ असा शिक्का बसला, की ती तपासायचं आपण सोडून देतो.

नथीपासूनच सुरुवात करू, कारण सणाच्या साजात तिच्याइतका मान दुसऱ्या कशाला नाही. इतिहासकार अ. स. आळतेकर यांनी 1938 च्या आपल्या ग्रंथात म्हटलं होतं, की प्राचीन हिंदू काळात नाकातला दागिना भारतात ठाऊकच नव्हता. त्याच सुमारास भांडारकर संस्थेच्या परशुराम कृष्ण गोडे यांनी नथीच्या प्राचीनतेवर स्वतंत्र लेख लिहून पुरावे धुंडाळले, आणि त्यांनाही हा धागा इसवी सन 1000 च्या आसपासपर्यंतच मागे नेता आला. यावर नेहमीचा आक्षेप असा, की उल्लेख सापडला नाही म्हणजे वस्तूच नव्हती, असं कसं म्हणता येईल? एरवी हा आक्षेप रास्त असतो. पण इथे बाकीच्या दागिन्यांचे उल्लेख मुबलक आहेत. अमरकोशात केसांतल्या दागिन्यांना बालपाश्या आणि पारितथ्या, कपाळावरच्याला ललाटिका अशी वेगवेगळी नावं आहेत; कान, गळा, दंड, मनगट, कंबर, पाय, सगळ्यांची मोजदाद आहे, फक्त नाक तेवढं सुटलेलं आहे. अजिंठ्याची भित्तिचित्रं तर विदर्भाच्याच वाकाटकांच्या काळातली. सोळावं लेणं खोदवणारा वराहदेव हा वत्सगुल्म, म्हणजे आजच्या वाशीमच्या हरिषेण राजाचा मंत्री. पाचव्या शतकातल्या या चित्रकारांनी मोत्याचा एकेक सर आणि केसांतलं एकेक फूल निगुतीनं रंगवलं, पण स्त्रियांची नाकं मोकळी ठेवली. एवढे डोळस कलाकार नेमकी नथच विसरले, हे पटण्यासारखं नाही.

मग त्या काळी सणासुदीला बायका नटत कशा? याचं एक उत्तर नागपूरपासून तासाभराच्या अंतरावर आहे. मेघदूतातला रामगिरी म्हणजे आपलं रामटेक, असं वा. वि. मिराशी यांनी साधार मांडलं. त्या काव्याच्या उत्तरार्धात अलका नगरीतल्या स्त्रियांच्या शृंगाराचं वर्णन आहे: कुरळ्या बटांत कुंदाच्या कळ्या, अंबाड्यात कुरबक, कानावर शिरीष, भांगात कदंब, हातात कमळ आणि चेहऱ्यावर लोध्राच्या फुलांचे पराग. भांगात फूल आहे, सिंदूर नाही. आणि पराग कशासाठी, तर चेहऱ्याला फिकट उजळपणा यावा म्हणून! उजळ दिसण्याच्या हौसेचं खापर आपण इंग्रजांच्या माथी फोडतो. ती त्यांच्या हजारभर वर्षं आधीही होती, हे जाता जाता नोंदवून ठेवलेलं बरं.

फुलांची गोष्ट तर आणखी गमतीची आहे. ज्या झेंडूशिवाय दसरा होत नाही, तो मूळचा मेक्सिकोचा. पोर्तुगीज इथे आल्यानंतर तो आपल्याकडे पोचला. मेक्सिकोत आजही नोव्हेंबरच्या सुरुवातीला पितरांच्या सणाला झेंडूच्याच राशी लागतात. वेणीत गुंफला जाणारा निशिगंध मेक्सिकोचाच, देवळापुढचा पांढरा देवचाफाही अमेरिकेकडचा, आणि शेवंती चीनची. मोगरा, जाई, जुई आणि अबोली तेवढी या भागातली. त्यातही मोगऱ्याचा खरा बहर उन्हाळ्यातला, त्यामुळे ऐन दिवाळीत मोगऱ्याच्याच गजऱ्याचा हट्ट धरला तर दाम दुप्पट मोजून हाती निम्म्या कळ्या येतात. फुलं परकी असली म्हणून बिघडलं काय, असं कुणी विचारेल. काहीच बिघडलं नाही. चारशे वर्षांत झेंडू इतका आपला झाला, हाच मुद्दा आहे. आपल्या आज्यापणज्यांनी नवं फूल आलं तेव्हा त्याचा दाखला मागितला नाही. दिसायला छान, टिकायला बरं, म्हणून तोरणात आणि वेणीत घेतलं.

दुसरी समजूत साच्याची. पेशवाई होती पुण्याची. नागपूर वसवलं ते देवगडच्या गोंड राजा बख्त बुलंद शहानं, अठराव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला. मग भोसले आले, ते पेशव्यांशी कधी सलोख्यानं तर कधी वैरानं वागले. पुढे हे शहर मध्यप्रांताची राजधानी झालं आणि 1956 पर्यंत त्याचा कारभार हिंदी मुलखासोबतच चालला. इतक्या हातांतून गेलेल्या शहराचा साज एकसुरी असेल कसा? गोंड स्त्रियांचा मोठा दागिना म्हणजे गोंदण. बाकी सगळं इथेच राहतं, मेल्यावर गोंदण तेवढं सोबत येतं, अशी त्यामागची श्रद्धा. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्यप्रांतातल्या जातीजमातींवर 1916 मध्ये जे चार खंड प्रसिद्ध केले, त्यात लाखेरा समाजावरच्या नोंदीत लाखेच्या बांगड्यांसोबत शेंदूर आणि टिकल्यांवर वेगळा भाग आहे. म्हणजे टिकलीही काही कालची नाही, आणि ती सगळ्यांची सारखीही नव्हती. आणि दसऱ्याच्या दिवशी दीक्षाभूमीकडे पाहा. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबासाहेबांनी शुभ्र वस्त्रांत धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासून लाखो स्त्रियांचा सणाचा साज म्हणजे पांढरी साडी. एरवी जो रंग मंगलकार्यात वर्ज्य मानतात, तोच इथे सर्वांत मंगल आहे. ही साडी मराठमोळी नाही, असं म्हणायची कुणाची छाती आहे?

साचा आला तो चित्रांतून. राजा रविवर्म्यानं 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि साडी नेसलेल्या देवी स्वस्त छापील चित्रांतून घरोघरी गेल्या. पुढे कॅलेंडरं, सिनेमा, मालिका. 2015 मध्ये ‘बाजीराव मस्तानी’ आला आणि काशीबाईंचा पडद्यावरचा साज लग्नसराईत उतरला. यात वाईट काही नाही. हौसेनं पेशवाई थाट करावा, जरूर करावा. मात्र ती एक फॅशन आहे, मराठीपणाची परीक्षा नव्हे.

तिसरी समजूत आरोग्याची आहे आणि तिथे थोडं थांबावं लागेल, कारण पहिल्या दोन चुकांनी फार तर वाद होतो, या चुकीनं इजा होते. ‘कुंकू म्हणजे हळद, त्यानं काय होणार?’ हे वाक्य अर्धं खरं आहे. जुन्या पद्धतीचं कुंकू हळदीचंच असे. हळदीतला पिवळा रंग चुना किंवा टाकणखार यांच्या संयोगानं लाल होतो, म्हणून तीच हळद कुंकू बनते. फणेरपेटीतल्या करंड्यात असायचं ते हे, आणि खाली मेण लावून ते कोरलं जाई. शेंदूर ही निराळी वस्तू. मारुतीच्या अंगावरचा पारंपरिक शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड, आणि हिंगूळ हा पाऱ्याचा सल्फाइड. मराठीत हे शब्द वेगळे होते कारण पदार्थ वेगळे होते. बाजारात आता सुटी लाल भुकटी कुंकू, सिंदूर आणि शेंदूर अशा तिन्ही नावांनी विकली जाते, आणि नुसत्या रंगावरून ती ओळखता येत नाही. 2017 मध्ये अमेरिकेतल्या सार्वजनिक आरोग्याच्या एका नियतकालिकात सिंदुराच्या 118 नमुन्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यात भारतातून घेतलेल्या नमुन्यांपैकी सुमारे 78 टक्क्यांत आणि न्यू जर्सीत विकत घेतलेल्यांपैकी 83 टक्क्यांत शिसं आढळलं. भारतातले नमुने 23 च होते, म्हणून हा आकडा सगळ्या बाजारावर लावता येणार नाही. पण मुलांसाठी शिशाचं सुरक्षित असं कोणतंच प्रमाण ज्ञात नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि कुंकवाचा हात बाळाच्या तोंडाशी जायला कितीसा वेळ लागतो? डोळ्यांत घालायच्या सुरम्याचंही तेच. काजळ म्हणजे दिव्याची काजळी, पारंपरिक सुरमा म्हणजे शिशाचं खनिज. आणि या दोहोंपैकी कशानंही बाळाचे डोळे मोठे होत नाहीत.

‘आमच्या आजीनं जन्मभर कुंकू लावलं, तिला काही झालं नाही’, हा यावरचा सर्वांत जोरकस आक्षेप. आजीचं खरं आहे, पण तिच्या करंड्यातला पदार्थ आणि आजच्या पुडीतला पदार्थ यांचं फक्त नाव एक आहे. शिवाय आजीच्या कपाळावर पांढरा डाग पडला असता, तर तो कोड समजून लपवला गेला असता. टिकलीच्या गोंदात पॅरा-टर्शरी-ब्युटिलफिनॉल नावाचं रसायन असू शकतं. ते काही जणींच्या त्वचेतल्या रंगपेशी मारतं आणि टिकलीच्याच आकाराचा पांढरा डाग उरतो. भारतीय त्वचारोगतज्ज्ञांना हा डाग चांगला परिचयाचा आहे. मेंदीची कथा याहून सोपी आहे. मेंदीच्या पानातलं लॉसोन हे द्रव्य त्वचेतल्या केराटिनला धरतं आणि नारिंगी ते गडद तपकिरी रंग देतं, तोही पूर्ण चढायला एकदोन दिवस लागतात. तासाभरात काळीकुट्ट होणारी ‘काळी मेंदी’ ही मेंदी नव्हेच. तिच्यात बहुधा कलपातलं पीपीडी हे रसायन असतं. अमेरिकेत ते केसांच्या कलपात चालतं, त्वचेवर थेट लावायला मनाई आहे. त्यानं हातावर फोड येतात, आणि एकदा शरीराला त्याची ॲलर्जी जडली की ती बहुधा आयुष्यभर राहते. मग वीस वर्षांनी केस काळे करायला जावं तर डोकं सुजतं. (रंग जितका गडद तितकं नवऱ्याचं प्रेम अधिक, या हिशोबानं पीपीडीवाल्या नवऱ्यांचं प्रेम ऊतू जायला हवं.) क्रीमांचीही तीच गत. गोरेपणाच्या एका क्रीमनं अकोल्यातल्या एका घरातल्या तिघींची मूत्रपिंडं बिघडल्याचं 2023 च्या सुरुवातीला पुढे आलं, तेव्हा मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीमची तपासणी होऊन त्यात पारा निघाला. आपल्या नियमांनुसार अशा क्रीममध्ये नकळत मिसळलेला पाराही दशलक्षात एका भागाहून अधिक चालत नाही.

राहता राहिले केस. घट्ट वेणीनं केस वाढतात, ही समजूत घराघरांत आहे आणि ती नेमकी उलटी आहे. केस मुळाशी वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. ओढल्यानं त्याला वेग येत नाही, मूळ मात्र दुखावतं. ग्रीनलंडमधल्या स्त्रिया केस ताणून बांधत आणि त्यांच्या कपाळाकडचे केस विरळ होत, याची वैद्यकीय नोंद 1907 ची आहे. ताणानं होणारी ही केसगळती वेळीच ओळखली तर थांबते. वर्षानुवर्षं चालली तर मुळं कायमची जातात. सणाचा खोपा दोनतीन दिवसांचा, त्याची भीती बाळगायचं कारण नाही. जपायचं ते तयार खोपा किंवा जड गंगावन लावताना, कारण त्याचं सगळं वजन स्वतःच्या मोजक्या केसांवर पिनांनी टांगलेलं असतं, आणि भाद्रपदाच्या दमट उकाड्यात न्हालेले ओले केस तसेच करकचून बांधले की टाळू आणखी हुळहुळी होते. तेव्हा यंदा महालक्ष्म्यांना कुंकू घ्याल ते सुटं न घेता बनवणाऱ्याचं नाव, परवाना क्रमांक आणि घटक छापलेल्या बंद डबीतलं घ्या, टिकली रात्री काढून ठेवा, आणि खोपा घातल्यावर भुवया वर ओढल्यासारख्या वाटल्या तर आरशातलं रूप कितीही देखणं दिसो, दोन पिना काढा.