कोब्यात फायबर टाकावे का? टाकावे, पण सळई वाचवण्यासाठी नको

एप्रिल-मे महिन्यात अंगणाचा किंवा गोठ्याचा कोबा ओतला की संध्याकाळपर्यंतच त्यावर केसासारख्या भेगा दिसू लागतात. मालक गवंड्याला बोल लावतो, गवंडी सिमेंटला. खरं कारण बहुतेक वेळा ऊन आणि वारा हेच असतं. ओल्या काँक्रीटच्या वरच्या थरातलं पाणी झपाट्याने उडून जातं, थर आकसतो आणि अजून ताकद न आल्यामुळे फाटतो.

या भेगांवर उपाय म्हणून सिमेंटच्या दुकानांत आता फायबरच्या लहान पुड्या मिळतात. आत पांढरे, साधारण १२ मिलिमीटर लांबीचे पॉलिप्रॉपिलीनचे तंतू असतात. ५० किलोच्या एका गोणीला १२५ ग्रॅमची एक पुडी, असं प्रमाण सहसा सांगितलं जातं. हजार चौरस फुटांचा चार इंची कोबा एम २० प्रमाणात (१ : दीड : ३) करायचा तर अंदाजे ७५ गोण्या सिमेंट लागतं, म्हणजे फायबर साडेनऊ किलोच्या आसपास.

कल्पना काही नवी नाही. मातीच्या भिंती लिंपताना चिखलात भुसा, काड आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या टाकतात. काम तेच, आकसणाऱ्या मातीला धरून ठेवायचं. काँक्रीट दाबाला दणकट, पण ताणाला फारच कच्चं; त्याची ताणाची ताकद दाबाच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढीच असते. लाखो तंतू सगळीकडे पसरलेले असले की बारीक भेग रुंद व्हायला अडते.

मग काथ्या, ताग, घायपात का नको? स्वस्त आहेत, गावात मिळतातही. अडचण सिमेंटचीच आहे. ते तीव्र अल्कलीधर्मी असतं आणि ओलाव्यात ते वनस्पतीचा तंतू हळूहळू खातं. सुरुवातीला चांगलं काम करणारा ताग काही वर्षांत ठिसूळ होतो. काथ्यात लिग्निन जास्त असल्याने तो त्यातल्या त्यात टिकतो. शिवाय हे तंतू पाणी शोषतात, म्हणून मिसळण्याआधी भिजवावे लागतात. मातीच्या गिलाव्याला ते उत्तमच. वर्षानुवर्षे टिकायला हव्या त्या कोब्यात मात्र त्यांच्यावर भरवसा नको.

आता खरा धोका. "फायबर टाकलंय, सळई कमी केली तरी चालेल," असं कुणी ठेकेदार म्हणाला तर काम तिथेच थांबवा. पुडीतलं फायबर फक्त सुरुवातीच्या आकसण्याच्या भेगा कमी करतं. घराचा स्लॅब, बीम, कॉलम, पाण्याची टाकी यांतल्या सळईचा भार ते घेऊ शकत नाही. सळई वाचवून घातलेला स्लॅब पहिल्या वर्षी छान दिसेल, पण त्याखाली माणसं झोपणार आहेत. रस्ते आणि कारखान्यांच्या फरशीत स्टीलचे तंतूही वापरतात, घनमीटरला २०-४० किलो वगैरे. पण ते हिशेब इंजिनिअरने करायचे असतात. गोठ्यात मात्र स्टीलचे तंतू नकोतच. वर आलेली टोकं गंजतात, जनावरांच्या पायाला लागतात.

मिसळताना एक चूक हमखास होते. फायबर पडलं की माल घट्ट वाटतो आणि गवंडी वरून बादलीभर पाणी ओततो. तिथे सगळं बिघडतं. एम २० साठी गोणीमागे ३० लिटर ही पाण्याची कमाल मर्यादा आहे, वाळूतला ओलावाही त्यातच धरायचा. पुडी एकदम न टाकता तंतू मोकळे करत फिरत्या मिक्सरमध्ये सोडावेत आणि आणखी काही मिनिटं फिरवावं. गोळे राहिले तर तिथेच काँक्रीट कच्चं राहतं.

फायबर टाकलं म्हणून पाणी मारणं सुटत नाही. साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७ दिवस, पीपीसीला १० दिवस कोबा ओला हवा. गोणपाट अंथरून भिजवत राहणं सगळ्यात सोपं. चार इंची कोब्याला दर ८ ते १० फुटांवर सांधाही द्यावा लागतो, दुसऱ्या दिवशी कटरने जाडीच्या चौथ्या भागाएवढा खोल. ओतण्याची वेळ उन्हाळ्यात शक्यतो दुपारी चारनंतरची धरावी.

पृष्ठभागावर काही दिवस पांढरे केस दिसतील. ते वापरात झिजून जातात, त्यासाठी वरून सिमेंटचा हात फिरवू नये.