पितळेचा काळिमा

गोंड राजांची प्राचीन राजधानी असलेले आणि आता जबलपूर शहराच्या हद्दीत विलीन झालेले गढा हे मुळात तळ्यांचे गाव. बाजनामठाच्या पायथ्याचा संग्रामसागर राजा संग्रामशाहाचे नाव सांगतो, तर पंचक्रोशीतील राणीताल आणि आधारताल ही नावे राणी दुर्गावती व तिचा दिवाण आधारसिंह यांची आठवण वागवतात. अशा तळ्याकाठी मासा धरावयास बसणाऱ्याला बांबूची काठी, चार हात दोरी आणि टोकाला गळ एवढा सरंजाम पुरतो. परंतु गढ्यापासून दोन-तीन कोसांवर, तिलवाराघाटाखालून वाहणाऱ्या नर्मदेतील महाशीर गळाला लागताच प्रवाहाच्या मध्यधारेकडे अशा आवेगाने धाव घेतो की, शेकडो हात दोरी क्षणार्धात सोडणारे आणि ती तितक्याच शिस्तीने परत गुंडाळणारे चाक काठीला नसेल, तर मासाही जातो आणि काठीही मोडते. या चाकालाच शौकीन मंडळी ‘रीळ’ म्हणतात.

हेन्री सलिव्हन टॉमस या मद्रास इलाख्यातील मुलकी अधिकाऱ्याने 1873 मध्ये ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून महाशिराच्या शिकारीस शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून दिली. त्याआधी तीन वर्षे, 1870 मध्ये, मुंबई व कलकत्ता या दोन्ही बाजूंनी आलेले लोहमार्ग जबलपुरास एकमेकांना मिळाले होते. छावणी होतीच, आणि 1904 मध्ये तोफगाड्यांचा सरकारी कारखानाही निघाला. जेथे छावणी तेथे नदीवर जाणारे साहेब, आणि जेथे साहेबांच्या बदल्या तेथे बंगल्यातील सामानाचे लिलाव, हा त्या काळचा शिरस्ताच होता. विलायती रिळे देशी हातांत आणि पुढे भंगारात उतरली ती बहुधा याच वाटेने.

या यंत्राचा सुवर्णकाळ म्हणजे एकोणिसाव्या शतकाचा अखेरचा चतुर्थांश. पर्थच्या मॅलोक यांनी 1884 मध्ये असे रीळ काढले की, त्याची फिरकी काटकोनात वळवली असता ती स्वतः न फिरता दोरी तिच्या कडेवरून सुटत जाई. अ‍ॅनिक येथील हार्डी बंधूंनी 1888 मध्ये ज्याचे पेटंट घेतले, त्या ‘परफेक्ट’ रिळात फिरकी आणि चौकट यांच्यामध्ये पोलादी गोळ्या बसवलेल्या होत्या. फिरकीच्या पाठीशी एक दंतचक्र, त्यावर टेकलेली खिटी आणि खिटीला रेटणारी स्प्रिंग, एवढ्या तीन अवयवांवर दोरीचा सारा संयम अवलंबून असतो. आणि मासा पळताना जो करकर आवाज शौकिनाच्या अंगावर रोमांच उभे करतो, तो याच खिटीचा.

असे रीळ आज शोधावयाचे तर जबलपुरात गुरंदी बाजार, पुण्यात जुना बाजार आणि मुंबईत चोर बाजार धुंडाळण्यावाचून गत्यंतर नाही. तेथे त्याची किंमत कित्येकदा पितळेच्या वजनावर ठरते. म्हणून घेणाऱ्याने चेहऱ्यावर औत्सुक्य न दाखवता आधी खातरजमा करावी. काठीवर बसणारी खालची पट्टी कोणी कानशीने घासून आखूड केली आहे काय, स्क्रूंच्या खाचा चेंबल्या आहेत काय, फिरकी चौकटीला घासते काय, हे पाहावे; आणि शक्य झाल्यास आतल्या अंगास कारागिराच्या नावाची आद्याक्षरे ठोकलेली आढळतात काय, तेही तपासावे.

खरी कसोटी घरी आल्यावर लागते. पितळ कळकलेले दिसले की चिंच-मीठ लावून ते लखलखीत करण्याकडे मराठी घरातील हात आपसूक वळतो. परंतु जुन्या रिळाच्या पितळेवरील काळपट छटा कित्येकदा मळ नसून कारखान्यात मुद्दाम दिलेला लेप असतो, आणि एकदा घासला गेलेला तो लेप कोणत्याही उपायाने पूर्ववत होत नाही. यास्तव जाणकार प्रथम रीळ घासलेटात बुडवून ठेवतो, आणि गंजलेला स्क्रू सैल होईपर्यंत धीर धरतो. खाचेत नेमका बसेल एवढ्याच रुंदीचा पेचकस तो वापरतो, कारण एक वेळ निसटलेले हत्यार शंभर वर्षांच्या पृष्ठभागावर कायमचा ओरखडा उमटवून जाते. ‘परफेक्ट’च्या आरंभीच्या पितळी नगांत गोळ्या उघड्या खोबणीत असतात, म्हणून फिरकी काढावयाची ती कापड अंथरलेल्या ताटावरच. खिटी एका बाजूने झिजली असेल आणि तिची घडण दोन्ही अंगांनी सारखी असेल, तर नवी घडवण्याऐवजी ती उलटवून बसवली तरी काम भागते. मग आसाला पातळ तेल, दंतचक्राला थोडे ग्रीस, वरून मेणाचा हलका हात. आणि तेथेच थांबणे. मला वाटते, या विद्येतील सर्वांत दुर्घट भाग हे थांबणेच होय.

यंत्र असे पुन्हा चालू लागते; नदीचे तसे नाही. बरगी धरणाने वरच्या अंगास नर्मदेचा मूळ प्रवाह राहिला नाही, आणि 2011 मध्ये मध्य प्रदेशाने महाशिराला राज्यमत्स्याचा मान दिला तो त्याच्या विपुलतेमुळे नव्हे, तर दुर्मीळतेमुळे. लोणावळ्याच्या वळवण येथे टाटांच्या वीजकंपनीने कृत्रिम पैदाशीने महाशिराची पिले वाढवण्याचा उपक्रम कित्येक दशके चालवला आहे. घासलेट आणि पेचकस यांच्या आवाक्याबाहेरचे हे काम.

म्हणून दुरुस्त केलेले रीळ आज पाण्यापेक्षा कपाटातच अधिक राहते, आणि एका हातून दुसऱ्या हाती जाते. अशा वेळी नवा घातलेला प्रत्येक स्क्रू आणि बदललेली प्रत्येक स्प्रिंग यांची नोंद कागदावर करून, काढलेला मूळ भाग पाकिटात घालून त्याच्यासोबत द्यावा. पुढच्या मालकाला आपले काम पसंत पडले नाही, तर ते मोडून मूळ स्थिती आणण्याची मुभा त्याच्याकडे राहिली पाहिजे.