सहाचे बारा व्होल्ट करताना

आज शेतात चालणारे डिझेल ट्रॅक्टर १२ व्होल्टचे असतात. सहा व्होल्टची वायरिंग भेटते ती १९५२ पर्यंत बनलेल्या फोर्ड ८एनसारख्या पेट्रोल ट्रॅक्टरांत आणि जुन्या विलीज जीपमध्ये.

३६ वॉटचा दिवा ६ व्होल्टवर ६ अँपियर ओढतो, १२ वर फक्त ३. प्रवाह निम्मा झाला, की त्याच तारेत वाया जाणारी वीज चौथ्या हिश्श्यावर येते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या धानपट्ट्यात पावसाळाभर ओल असते, जोड गंजतात. तिथे सहा व्होल्टचा दिवा लगेच मिणमिणतो.

खरी जोखीम अर्थिंगची. ८एनमध्ये बॅटरीचा प्लस ट्रॅक्टरच्या लोखंडाला जोडलेला असतो, तर आजच्या बहुतेक अल्टरनेटरना तिथे मायनस लागतो. उलटी जोडणी झाली तर आतले डायोड क्षणात जळतात. म्हणून आधी बॅटरीची दिशा बदलावी, अँमीटरच्या तारा आपसात बदलाव्यात, आणि डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर त्यानंतरच बसवावा.

कॉइल १२ व्होल्टची घ्यावी किंवा जुनीला योग्य रेझिस्टर जोडावा. नाहीतर कॉइल तापते, पॉइंट जळतात. बल्ब सगळे नवे.

स्टार्टर मात्र जुनाच चालतो. त्याची वाइंडिंग सीरीजमध्ये असल्याने प्लस-मायनस बदलूनही तो उलटा फिरत नाही. पण झटका जोराचा बसतो, म्हणून बटण काही सेकंदांपेक्षा जास्त दाबून ठेवू नये. बॅटरीची जाड केबलही तशीच ठेवावी.