शॉकअप किती कडक?

जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगचा नॉर्डश्लायफे हा सुमारे २०.८ किलोमीटरचा ट्रॅक ठरावीक वेळी पैसे भरून कोणालाही वापरता येतो. महामार्गाने आलेली स्पोर्ट्स कार थेट ट्रॅकवर उतरते. त्याआधी काही मालक वाकून शॉकअपची घुंडी फिरवतात.

त्या घुंडीने नेमके काय बदलते? शॉकअप गाडीचे वजन पेलत नाही. ते काम स्प्रिंगचे. शॉकअपच्या नळीत तेल असते आणि त्यात दट्ट्या वरखाली होतो. घुंडी आवळली की तेलाची वाट अरुंद होते, दट्ट्याला विरोध वाढतो आणि स्प्रिंगची उसळी लवकर शमते. ती ऊर्जा उष्णता होऊन जाते.

लांबलचक वळणावर बाहेरच्या चाकांवर शेवटी किती भार जाईल, हे मात्र घुंडी ठरवत नाही. तो किती झटकन जाईल, एवढेच तिच्या हाती. म्हणून कडक गाडी स्टिअरिंगला तत्पर वाटते, आणि इथेच हौशी मंडळी फसतात. खडबडीत रस्त्यावर तिचे चाक खड्डे गिळण्याऐवजी उडते. हवेतल्या टायरला कसली पकड! परतीच्या हालचालीचा विरोध फारच वाढवला, तर दबलेली स्प्रिंग पुढच्या उंचवट्याआधी पूर्ण उलगडतच नाही आणि गाडी खाली खाली बसत जाते.

जाणता चालक घुंडी पूर्ण आवळतो, तिथून खटके मोजत सैल करतो, डावी-उजवी बाजू सारखी ठेवतो आणि आकडे वहीत टिपतो. (माझ्या मते वही घुंडीहून मोलाची.) नॉर्डश्लायफे तर इतका उंचसखल, की सपाट ट्रॅकवरचा कडकपणा तिथे जड जातो.